आसरा कोणाचा, कोणाला?

मराठीत 'आसरा' हा शब्द दोन वाटांनी आलेला आहे. एक आसरा म्हणजे आश्रय, पाठीशी उभे राहणारे काहीतरी. दुसऱ्या आसरा म्हणजे साती आसरा, अप्सरांपासून निघालेल्या, डोहाच्या काठी नाहीतर विहिरीच्या थारोळ्यापाशी शेंदूर फासून बसवलेले सात दगड. भाषाशास्त्रज्ञ हे दोन शब्द वेगळे काढून दाखवतील. ते बरोबरच आहे. पण गावातल्या बाईच्या कानाला ते वेगळे लागत नाहीत. ज्या आसरांना ती हळदकुंकू वाहते, त्याच पोहणाऱ्या पोराला तळाशी ओढून नेतात अशी तिची समजूत असते. आसरा देणारी आणि जीव घेणारी एकच. आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या लोकदैवतांच्या अभ्यासकांनी फारशी मनावर घेतलेली नाही: ज्या पाण्याच्या काठी हे सात दगड मांडलेले असत, त्या पाण्याला हात लावण्याची महारामांगांना बंदी होती. दगडाला शेंदूर आणि माणसाला विटाळ, दोन्ही एकाच काठावर.

'संकटात देवावर भरवसा ठेवावा, तोच शेवटचा आसरा' हे वाक्य आपण कीर्तनात ऐकतो, शाळेच्या प्रार्थनेत ऐकतो, दवाखान्याच्या भिंतीवर वाचतो. दलित साहित्यात या वाक्याचे काय झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो उपस्थित करण्याचे कारण असे की, आमच्या आत्मकथनांवर जे लिहिले जाते त्यात या ठिकाणी दोन सवयी जडलेल्या दिसतात. प्रस्थापित समीक्षक आत्मकथनातील आई मरीआईपुढे पदर पसरते ते पान काढतो, 'किती सोसले आणि तरी श्रद्धा ढळली नाही' असे म्हणून गहिवरतो आणि पुस्तक मिटतो. त्याला हवी असलेली सोशिकता त्याला मिळालेली असते. आमचा समीक्षक तेच पान काढतो, त्यावर 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारतो आणि पुढच्या विद्रोहाच्या पानाकडे धावतो. पहिल्याने पान वापरले, दुसऱ्याने ओलांडले. वाचले कोणीच नाही.

मी ज्या मलकापुरातून हे लिहितो आहे, ते गाव या वाचनासाठी सोयीचे आहे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे, शाहूवाडी तालुक्यातले हे गाव एकेकाळी विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर पंत प्रतिनिधींचे बिऱ्हाड गडावरून इथे उतरले. इथून पूर्वेकडे पन्हाळ्याच्या अंगाला जोतिबाचा डोंगर, जिथे चैत्र पौर्णिमेला लाखो माणूस गुलालात न्हाऊन निघते. उत्तरेला वारणा, म्हणजे अण्णा भाऊ साठ्यांचा मुलूख. पश्चिमेला आंबा घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा लागतो आणि पुढे राजापूर तालुक्यात 'देवाचे गोठणे' नावाचे एक गाव लागते. माधव कोंडविलकरांनी आपल्या रोजनिशीवजा पुस्तकाला 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) हे नाव दिले. गोठणे म्हणजे गुरांनी दुपारी विसावायची जागा. देवाच्या गुरांना विसावा आहे असे पत्त्यातच लिहिलेले. त्या पत्त्यावर राहणाऱ्या चांभार मास्तराला मात्र तो कुठे मिळत नाही. पुस्तकाचे नाव म्हणजे गावाचे नुसते नाव आहे, त्यात लेखकाने एक अक्षर पदरचे घातलेले नाही. इतके कडवट शीर्षक मराठीत दुसरे मला आठवत नाही.

चोखोबापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण आसऱ्याची भाषा आमच्याकडे त्याच्यापासून सुरू होते. त्याच्याविषयी बोलताना आमची पंचाईत होते हे खरे. त्याचा एक अभंग स्वतःच्या जन्माचे कारण मागच्या जन्मीच्या कृष्णनिंदेत शोधतो. म्हणजे वेठीला धरणाऱ्या व्यवस्थेने जे सांगितले, ते त्याने आपल्या तोंडाने वदवून घेतले. हा अभंग आज कोणाही जागृत माणसाच्या घशाखाली उतरणार नाही आणि उतरू नये. बाबासाहेबांनी मात्र १९४८ साली प्रसिद्ध झालेला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. देव नाकारायला निघालेल्या माणसाने देवाच्या दारात मेलेल्या तिघांची नावे पहिल्या पानावर का लिहावीत? याचे उत्तर चोखोबाच्या श्रद्धेत सापडत नाही. ते त्याच्या मरणात सापडते.

चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला मेला. गावकूस बांधण्याच्या कामावर वेठीने धरून आणलेल्या माणसांत तो होता, आणि ते कूस कोसळून त्याखाली ही माणसे गाडली गेली. गावकूस कशासाठी असते? परचक्र आले, दरोडा पडला तर आतल्या माणसांना आसरा व्हावा म्हणून. चोखोबा त्या कुसाच्या बाहेर राहत होता. ज्या भिंतीचा आसरा त्याला कधीच मिळणार नव्हता ती बांधताना तो तिच्याखाली मेला. नामदेवाने ढिगाऱ्यातून त्याची हाडे ओळखली, त्यांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, अशी कथा परंपरा सांगते. कीर्तनकार नेमका या ठिकाणी येऊन थांबतो आणि श्रोते डोळे पुसतात. हाडे बोलत होती की नव्हती या वादात मला पडायचे नाही. भिंत कोणाची होती, हे कीर्तनात कधी विचारले जात नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. 'गावकुसाबाहेरचे साहित्य' हा शब्द आम्ही इतका वापरला की तो गुळगुळीत झाला; त्या कुसाखाली आमचा पहिला कवी गाडला गेलेला आहे हे वापरताना आठवत नाही.

हाडे पंढरपूरला आणली ती महाद्वारासमोर पुरण्यासाठी. आत नाही. त्यानंतर ज्या दिवशी विठ्ठलाच्या देवळात चोखोबाच्या माणसांना शिरता आले, तोपर्यंत सहाशे नऊ वर्षे गेली होती आणि त्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. शेवटचा आसरा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्याच्या उंबऱ्यापासून आतपर्यंतचे अंतर एवढे आहे.

चोखोबाच्या घरात मात्र सगळे एका सुरात बोलत नव्हते, आणि आमच्या समीक्षेने या घराकडे हवे तितके लक्ष दिलेले नाही. सोयराबाई विटाळाचाच पाया उकरते. विटाळावाचून कोणता देह जन्माला आला, हा तिचा प्रश्न आहे. बाईने विचारलेला हा प्रश्न आहे, बाळंतपणाच्या खोलीतून विचारलेला. मुलगा कर्ममेळा तर देवाला सरळ जाब विचारतो: उष्टे खाण्याचा जन्म दिलास, यात तुझे देवपण ते काय? बापाने दुःखाचे कारण मागच्या जन्मात ठेवले होते, पोराने ते उचलून देवाच्या पुढ्यात आणून ठेवले. एका पिढीत एवढा फरक पडला. विद्रोह आमच्याकडे १९७२ साली जन्माला आला असे ज्यांना वाटते त्यांनी हे बापलेक शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

वारणाकाठी ही गोष्ट उलटी होते. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'ची (१९५९) सुरुवातच जोगणीने होते. शिगावची जोगणी आपल्या गावात आणली तर जत्रा आपल्या गावाची होईल, गावाचे नाव होईल, म्हणून राणोजी मांग जिवावर उदार होऊन निघतो. जोगणी गावाला मिळते आणि राणोजीचे शिर जाते. या प्रकरणावर पराक्रमाची कथा म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष दुसरीकडे जाते. राणोजी जोगणीकडे काहीच मागत नाही. पीक नाही, पोर नाही, दुखण्याला उतारा नाही. देवी त्याला आसरा देत नाही. तो देवीला देतो. जत्रा भरते ती गावाची, मान मिळतो तो गावाला, आणि त्या मानाची किंमत मांगवाड्यातून वसूल होते. पुढे दुष्काळ येतो, माणसे भुकेने मरू लागतात, तेव्हा फकिरा जोगणीच्या देवळात जाऊन बसत नाही. तो धान्य लुटतो आणि माणसे जगवतो. बापाने प्राण देऊन आणलेली देवी गावात आहेच, पण भुकेच्या वेळी तिच्याकडून धान्य निघेल अशी आशा कादंबरीतल्या कोणालाही वाटत नाही. अण्णा भाऊंनी यावर भाष्य केलेले नाही. कम्युनिस्ट लेखकाने देवाविरुद्ध एक व्याख्यान घालायला ही चांगली जागा होती. त्यांनी ते घातले नाही, नुसता प्रसंगांचा क्रम ठेवला. कलाकृतीतल्या मौनाला मी उगाच मोठे करीत नाही. पण या ठिकाणचे मौन व्याख्यानापेक्षा जास्त बोलते.

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून श्रमणाऱ्यांच्या तळहातावर आहे, या अर्थाचे अण्णा भाऊ १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात बोलले होते, ते सर्वांना पाठ आहे. त्या वाक्याचा अर्थ राणोजीपाशी नेऊन पाहावा. आमचा आणि देवाचा संबंध आसरा घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा असा कधी नव्हताच. गावदेवीची वेस राखली आम्ही. पटकी आली की मरीआईचा गाडा ओढून दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडण्यात पुढे आम्ही. (दुसऱ्या गावाच्या शिवेवर! आपल्या संकटाचा उतारा शेजाऱ्याच्या दारात. त्या गावची माणसे पुढच्या शिवेवर. या धर्मात संकट संपत नसे, सरकत असे.) मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेऊन, अंगावर कोरडे ओढून दारोदार फिरला तो पोतराज आमचाच. देवीने त्याला उचललेले नाही, त्यानेच देवीला डोक्यावर वाहिले, आणि तेही चार भाकरीच्या तुकड्यांसाठी.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकात हा व्यवहार जितक्या बारकाईने आला आहे तितका तो पुरुषांच्या आत्मकथनांत नाही. वीरगाव आणि फलटणच्या महारवाड्याचे हे चित्र. घरातला थोरला मुलगा देवाला पोतराज म्हणून सोडायचा. आषाढ आला की घरे सारवायची, न्हायचे, देवीची गाणी, वाद्ये, आणि मग बायांच्या अंगात येणे. हे पुस्तक वाचणारे बहुतेक जण या पानांवर अवघडतात. लेखिका स्वतः आंबेडकरी चळवळीत घडलेली. तिचा या सगळ्याला विरोध आहे, आणि तो ती कुठेही पातळ करीत नाही. आमच्याच लोकांना दूर ठेवणाऱ्यांचे देव आम्ही जिवापाड जपले, हा तिचा सल पानापानावर आहे. आणि तरी ती ही पाने झटकून टाकत नाही. ती त्यांच्यापाशी बसून राहते. का?

कारण त्या दिवसांत काय घडते ते तिने पाहिले आहे. वर्षाचे उरलेले दिवस सासूचा मार, नवऱ्याचा मार, गावाची शिवी आणि पोटात कायमची आग घेऊन जगणारी बाई. तिच्या अंगात आले की तिच्यापुढे घरचे पुरुष वाकतात. तिला कौल मागतात. ती बोलते आणि ऐकले जाते. या व्यवस्थेत महाराच्या बाईला 'बोलण्याची' म्हणून जी एक जागा होती, ती ही. ती खोटी होती का? देवी आली हे खोटे. बाई बोलत होती हे खरे. तिच्या तोंडून जे निघत असे त्यात तिचे स्वतःचे किती आणि रूढीने शिकवलेले किती, याचा हिशोब करता येणार नाही; पण तिथे तिचे काहीच नव्हते असे म्हणणे म्हणजे तिला पुन्हा एकदा गप्प करणे होय. आमच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यांमधून अंगात येणे बंद केले, ते योग्यच केले. बंद केल्यावर सभेत तिला बोलायला उभे केले का, हा प्रश्न उरतोच. मी गेली कित्येक वर्षे जयंतीच्या व्यासपीठांवर खुर्च्या मोजतो आहे. या प्रश्नाचे उत्तर तिथे दिसते.

देव्हाऱ्याची ही किंमत सगळ्यांत जबर कुठे मोजली गेली तर ती आमच्या या दक्षिणेकडच्या पट्ट्यात. घरात आजार निघेना, कर्त्या माणसाला काही झाले, की सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस. पोरीच्या केसात गुंता झाला, जट दिसू लागली, की देवीचे बोलावणे आले. मग गळ्यात लाल-पांढरे मोती, हातात परडी, मंगळवार-शुक्रवार जोगवा. आणि पुढे काय होते ते सांगायला नको. उत्तम बंडू तुपे यांनी 'झुलवा'मध्ये आणि राजन गवस यांनी 'चौंडकं' व 'भंडारभोग'मध्ये हे जग आणले. मुंबई इलाख्यात देवदासींचा कायदा १९३४ साली झाला, कर्नाटकात १९८२ साली, महाराष्ट्रात पुन्हा नवा २००५ साली. एकाच गोष्टीसाठी तीनदा कायदा करावा लागला. जटेचे शास्त्रीय कारण सांगायला एक मिनिट पुरते: केस विंचरले-धुतले गेले नाहीत, की त्यात तेल-मळ बसून ते चिकटतात. आमच्या भागात निर्मूलनवाल्यांनी बायांना समजावून जटा कापल्या, ते काम मोलाचे आहे. परंतु 'झुलवा' वाचताना एक गोष्ट टोचत राहते. संकट घराचे आणि भरवसा घराचा, पण देवाला दिलेले तारण म्हणजे पोरगी. 'संकटात देवावर भरवसा ठेवा' हे वाक्य या घरात उच्चारून पाहावे. भरवसा ठेवणारा एक आणि त्याची किंमत मोजणारी दुसरी, हे यल्लम्माच्या बाबतीत उघड दिसते म्हणून आपण दचकतो. जोगणीच्या बाबतीत ते दिसले नव्हते, कारण तिथे पराक्रमाचा रंग चढवलेला होता. मुळातला व्यवहार एकच.

मग देवाला शिव्या देणारी कविता आली. केशव मेश्रामांची 'उत्खनन'मधली (१९७७) ती कविता वाचून एका पिढीचे रक्त उसळले. त्यात देवाला शिवी आहे, आणि तुकडाभर भाकरीसाठी लाकडे फोडणे त्या देवाला जमेल का, असे विचारणे आहे. या कवितेला नास्तिकाची कविता म्हणतात. मला ते पटत नाही. नास्तिक माणूस रिकाम्या खोलीत शिवी देत नाही. या कवितेत देव आहे, तो समोर आहे आणि उत्तर द्यायला बांधील आहे, असे धरूनच बोलणे चाललेले आहे. कर्ममेळ्याने जिथे प्रश्न विचारला तिथेच उभे राहून सहाशे वर्षांनी हा कवी शिवी देतो. आवाज चढला आहे, आणि चढायलाच हवा होता. दार मात्र तेच आहे. १९७० नंतरची आमची पुष्कळशी कविता, अगदी चांगलीसुद्धा, या दारावर धडका देण्यात खर्च झाली असे माझे मत आहे. ज्यांना ते अन्यायाचे वाटेल त्यांनी आपल्या संग्रहांतल्या देवाला उद्देशून लिहिलेल्या कविता मोजाव्यात.

बाबासाहेब या दारापासून कसे वळले, याकडे साहित्याच्या अंगाने पाहायला हवे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पण १९३४ साली भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी साफ सांगितले की, दलितांनी मूर्तीचे भक्त व्हावे म्हणून हा लढा नव्हता; त्यांच्यात चैतन्य यावे, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो होता, आणि ते काम झाल्यावर त्यात शक्ती घालवण्याचे कारण नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा आली. दार उघडले नाही म्हणून शिव्या देत उभे राहणे त्यांनी केले नाही. पाठ फिरवली आणि चालू लागले. शिवी देणाऱ्यापेक्षा पाठ फिरवणाऱ्याचा नकार मोठा असतो, आणि तो कवितेत आणणे फार अवघड असते. कारण पाठ फिरवलेल्या माणसाला समोर कोणी नसते, ज्याला उद्देशून बोलावे असे काही उरत नाही. आमच्या कवितेची खरी अडचण इथे आहे.

चालत चालत ते जिथे पोचले तिथे 'शरण' हाच शब्द होता. हे विचित्र वाटते, पण आहे तसे आहे. देवाचा आसरा सोडून आलेल्या माणसांना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्रिशरण दिले गेले. धम्मपदाच्या बुद्धवग्गात या शब्दाची फोड आहे. भ्यालेली माणसे डोंगरांना, वनांना, झाडांना, देवस्थानांना शरण जातात. तो आसरा सुरक्षित नव्हे, असा तिथला आशय आहे. जोतिबाच्या डोंगराच्या सावलीत बसून हे वाचले म्हणजे ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे वाटत नाही. भ्यालेली, हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. बुद्ध त्यांची टिंगल करीत नाही. ती भ्यालेली आहेत हे तो मान्य करतो आणि मग सांगतो की तुमचा पत्ता चुकला. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) मध्ये बाबासाहेबांनी हा भेद आणखी ठसठशीत केला: बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. म्हणजे इथे 'मी तुला तारीन' असे म्हणणारा कोणी नाही. वाट आहे, आणि वाटेवर सोबतीला माणसे आहेत. त्या माणसांना संघ म्हणतात.

तिन्हींपैकी पहिल्याला आम्ही भिंतीवर लावले, आणि कुठे कुठे त्याच्यापुढे नवसही बोलू लागलो. दुसऱ्यावर परिसंवाद घेतले. तिसऱ्याचे काय केले? वस्तीतली म्हातारी कार्यकर्त्याला विचारते, मरीआईचा टाक नदीत सोडते बाबा, पण मध्यरात्री पोरगं तापानं फणफणलं तर कुणाचं दार वाजवू? या प्रश्नाला बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणून दाखवणे हे उत्तर नव्हे, कारण त्या प्रतिज्ञा तिने आपल्यापेक्षा आधी घेतलेल्या असतात. तिला दार हवे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये या जिल्ह्यात महापूर आला तेव्हा माणसांना आसरा झाला तो शाळांचा, मंगल कार्यालयांचा आणि नाव घेऊन येणाऱ्या ओळखी-अनोळखी माणसांचा. मार्च २०२० पासून राज्यातली देवळे बंद होती. ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी. त्या आठ महिन्यांत देव कुलपात होते आणि सफाई कामगार कामावर होते. त्यांत आमची माणसे किती होती ते सांगायला नको. या आठ महिन्यांवरची कादंबरी अजून आमच्याकडे कोणी लिहिलेली नाही.

संघाचा आसरा आमच्या साहित्यात आलाच नाही असे नाही. तो आला आहे, पण ओळखला गेला नाही, कारण तो बोर्डिंगच्या रूपाने आला. आत्मकथने उघडून पाहा. 'बलुतं'मध्ये (१९७८) संगमनेरचे बोर्डिंग आहे. इतरांच्या पुस्तकांत ते दुसऱ्या गावाचे असेल. एक पत्र्याची पेटी, एक ताट, रात्री पेटता दिवा आणि आपल्यासारखीच दहा-वीस पोरे. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर जे छप्पर आले ते कोणाच्या मेहेरबानीचे नव्हते, हक्काचे होते. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली निघाले ते शाहू महाराजांच्या पाठबळावर. पुढे त्याच महाराजांनी वेठबिगारीविरुद्ध हुकूम काढले; ज्या वेठीत चोखोबा मेला तिला या मुलखात मिळालेले ते पहिले सरकारी उत्तर. गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून देऊन स्वतः तिथे चहा प्यायला जाणारा राजा हा आसऱ्याच्या इतिहासातला भाग आहे, दानधर्माच्या नव्हे. गंगारामाला कोणी आशीर्वाद दिलेला नव्हता. त्याला गिऱ्हाईक मिळवून दिले होते.

पण बोर्डिंग मुलाला मिळाले, आईला नाही. हे वाक्य मी सावकाश लिहितो आहे, कारण आमच्या सगळ्या आत्मकथनांच्या वाचनाला ते बाधते. मुलगा पेटी उचलून बोर्डिंगमध्ये गेला, तिथून कॉलेजात, तिथून नोकरीत. त्याच्या मागे घरी आई राहिली, चूल राहिली, दारुडा बाप राहिला, आजारी धाकटी पोरे राहिली आणि मरीआईचा टाक राहिला. मुलाला नवा आसरा मिळाला म्हणून त्याला जुना सोडता आला. तो मोठा झाला, लिहू लागला, आणि त्याने आईच्या देवाला अज्ञान म्हटले. ते अज्ञानच होते. पण आपण ज्या छपराखाली बसून हे लिहितो आहोत ते तिच्या वाट्याला आलेले नव्हते, ही ओळ त्या पानावर नाही. पुरुषांच्या आत्मकथनांत आईवर अपार माया आहे. तिच्या देवाचा हिशोब तेवढा अपुरा आहे.

बेबी कांबळे यांच्या पुस्तकात तो पुरा होतो, कारण त्या तिथेच राहिल्या. जेजुरीला जमलेल्या लोकांपुढे बाबासाहेब बोलले आणि ते बोलणे महारवाड्यात येऊन पोचले, तेव्हा घराघरांत काय उलथापालथ झाली ती त्यांनी आतून लिहिली आहे: बिथरलेली जुनी माणसे, पोरांना शाळेत घालायला निघालेल्या बाया. देव सुटला तो अशा घरात सुटला, परिसंवादात नव्हे. त्या फलटणला किराणा दुकान चालवत. लिहिलेले कागद वीस वर्षे घरात लपवून ठेवले, नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते छापून येऊ लागले. आणि फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी मागास समाजाच्या मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली, जिथे पोरे पेटी घेऊन येतात आणि राहतात.